ढकललं कुणी? अलिबाग, जंजिरा आणि बोरघाट

शुक्रवार, कार्तिक शुद्ध चतुर्थी : पुणे ते अलिबाग

भाऊबीज आटोपली आणि भाचरांना घेऊन अलिबागची एसटी पकडली. भाची नववीत, भाचा सहावीत. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, आणि भाचीला तो तोंडपाठ. व्याख्या विचारा, सूत्र विचारा, न अडखळता सांगते. पण बस थांबली की आपण पुढे का जातो, असं विचारलं की एका शब्दात उत्तर, ‘जडत्वामुळे.’ परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात, पण त्यानं उलगडत काहीच नाही. म्हणून गाडीत बसतानाच दोघांना सांगून ठेवलं : काहीही हललं, थांबलं, वळलं, की एकच प्रश्न विचारायचा. ढकललं कुणी?

सोबत पाण्याची एक बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. झाकण घट्ट लावून ती मांडीवर आडवी धरली, बूच चालकाच्या दिशेला. आत बोटाच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा राहिला होता. मुलांना म्हटलं, आता खिडकीबाहेर बघू नका, याच्याकडे बघा.

चालकानं गाडी काढली आणि बुडबुडा पुढे पळाला, बुचाकडे. भाचा चक्रावला, कारण तो स्वतः तर मागे रेलला होता. सिग्नलला ब्रेक लागला, उभे प्रवासी पुढे झुकले आणि बुडबुडा मागे, बाटलीच्या बुडाशी गेला. सगळं जग एकीकडे आणि हा उलटा का? उत्तर भाचीनंच शोधलं. ब्रेक लागला तेव्हा पाणी आधीच्याच वेगानं पुढे जात राहिलं. हवेपेक्षा ते कितीतरी जड, त्यामुळे पुढची जागा पाण्यानं घेतली आणि हवेला मागची उरली. पाण्याला पुढे ढकललं कुणी? कुणीच नाही. ते आधीपासूनच पुढे चाललं होतं. ढकललं गेलं ते गाडीला, आणि तेही मागे.

हाच पहिला नियम. वस्तू थांबलेली असेल तर थांबलेली राहते, चाललेली असेल तर त्याच वेगानं, त्याच दिशेनं सरळ चालत राहते. बाहेरून असंतुलित बल लागलं तरच यात बदल होतो. शाळेत या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याची उदाहरणं भरपूर देतात, दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष होतं. खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. कामशेतच्या पुढे सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका लयीत धावत होती तेव्हा बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला, थांब्यावर उभ्या असलेल्या गाडीत होता तसाच. गाडी उभी आहे की साठच्या वेगानं चालली आहे, हे बुडबुड्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त वेगातला बदल.

“मग डिझेल कशाला जाळायचं?” भाच्यानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल हेच सांगायचा, की ढकलणं थांबलं की हालचाल थांबते. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेकांना ते पटत राहिलं, कारण रोज डोळ्यांना दिसतं ते तसंच. त्यातून सुटलेली गोष्ट म्हणजे घर्षण. हवा गाडीला मागे रेटते, टायर दबताना-फुगताना रेटा खातात, यंत्रातले भाग एकमेकांवर घासतात. डिझेल जळतं ते हे सगळं फेडायला. पुढचा आणि मागचा रेटा सारखा झाला की शिल्लक शून्य, आणि शून्य शिल्लक असताना गाडी आहे त्या वेगानं चालत राहते.

खंडाळ्यानंतर घाट लागला. एका डाव्या वळणावर भाचा सरळ माझ्या अंगावर आला. त्याला उजवीकडे ढकललं कुणी? त्यानं आजूबाजूला पाहिलं. त्याच्या डावीकडे कुणीच नव्हतं. तो सरळ चालला होता आणि गाडी त्याच्याखालून डावीकडे वळली. ढकललं ते मी, माझ्या दंडानं, डावीकडे, आणि म्हणून तो गाडीबरोबर वळला. हे त्याला इतकं पटलं की खोपोलीपर्यंत प्रत्येक वळणावर तो मोठ्यानं सांगत होता की आता खिडकीनं ढकललं, आता मामानं ढकललं. पुढच्या बाकावरच्या आजी मागे वळून हसल्या.

पेण, वडखळ, अलिबाग. संध्याकाळी समुद्रावर जाऊन आलो, बाकी काही नाही.

शनिवार, पंचमी : कुलाबा

कोकणात भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आज पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे साडेनऊ-पावणेदहाला कुलाब्याच्या वाटेवर पाणी सर्वांत कमी. मुलांना हा हिशेब फार आवडला. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला ओहोटीला पायी किंवा घोडागाडीनं गाठता येतो. आम्ही घोडागाडी केली, कारण भाचीची एक शंका मला तिथेच सोडवायची होती.

शंका अशी : घोडा गाडीला जेवढ्या बलानं पुढे ओढतो, तेवढ्याच बलानं गाडी घोड्याला मागे ओढते. तिसरा नियमच आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान, दिशा विरुद्ध. मग दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. गाडी हलेलच कशी?

शंका घेणाऱ्या मुलीला ‘पुस्तकात दिलंय तसं लिही’ म्हणून गप्प बसवणं हा मोठा अन्याय आहे. ही शंका ज्याला आली त्याला तिसरा नियम खरंच समजायला लागलेला असतो. किल्ल्याच्या अलीकडे ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा होता. टांगेवाले काका म्हणाले, “बघा बघा, घाई नाय.” आम्ही उतरलो आणि तिथेच काठीनं तीन चौकोन काढले : घोडा, गाडी, जमीन. अट एकच. कुणी कुणाला ढकललं किंवा ओढलं, ते ज्याला ढकललं त्याच्या चौकोनात लिहायचं.

गाडीच्या चौकोनात दोन गोष्टी आल्या : घोडा पुढे ओढतो, वाळू आणि पाणी मागे ओढतात. घोड्याच्या चौकोनात गाडी मागे ओढते, आणि… इथे भाची थांबली. घोड्याला पुढे कोण ढकलतं?

उत्तर आमच्या पायाशीच होतं. घोड्याच्या टापांचे ठसे मी तिला वाकून बघायला लावले. प्रत्येक ठसा पुढच्या टोकाला खोल रुतलेला आणि त्याच्या मागच्या अंगाला वाळूचा छोटासा उंचवटा. म्हणजे टाप वाळूला मागे रेटते. मग वाळू टापेला पुढे रेटणारच. घोड्याला पुढे ढकलते ती जमीन.

आता चौकोन पूर्ण झाले. ‘घोडा गाडीला’ हे बल गाडीच्या चौकोनात आणि ‘गाडी घोड्याला’ हे घोड्याच्या चौकोनात. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कधीच एका चौकोनात येत नाही, म्हणून ती एकमेकांना खाऊच शकत नाही. गाडी हलेल की नाही हे ठरवायला फक्त गाडीचा चौकोन बघायचा. घोड्याची ओढ वाळूच्या ओढीपेक्षा जास्त असेल तर गाडीचा वेग वाढेल. दोन्ही सारख्या झाल्या की आहे त्याच वेगानं चालत राहील, कालच्या सपाट रस्त्यावरच्या एसटीसारखी.

काकांनी आपल्या अनुभवाची भर घातली. सुक्या, भुसभुशीत वाळूत घोड्याचा जोर फुकट जातो, म्हणून ते नेहमी ओल्या पट्ट्यावरून गाडी काढतात. भुसभुशीत वाळू मागे निसटते, पाय टिकू देत नाही. जमीन जेवढं ढकलून घेईल तेवढंच परत ढकलणार. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची जागा बघितली आणि पाणी चढायच्या आत परतलो.

संध्याकाळी किनाऱ्यावर शहाळी घेतली. शहाळेवाल्याच्या कोयत्याचं पातं मुठीत जरा ढिलं झालं होतं. त्यानं कोयता उभा धरला, पातं वर आणि मूठ खाली, आणि मुठीचं बूड दगडावर दोनदा खणकन आपटलं. पातं घट्ट बसलं. पात्याला मुठीत ठोकलं कुणी? हातोडी तर नव्हतीच. मूठ आणि पातं दोन्ही एकाच वेगानं खाली येत होती. दगडानं मुठीला अडवलं, पात्याला अडवायला दगड नव्हता, ते खाली येतच राहिलं आणि मुठीत आणखी आत शिरलं. शहाळं फोडता फोडता तो म्हणाला, वडील असंच करायचे. कारागिरांच्या हातात हा पहिला नियम किती पिढ्या आहे कोण जाणे. न्यूटननं आपले तीन नियम छापले १६८७ साली.

रविवार, षष्ठी : राजपुरी आणि जंजिरा

रेवदंड्याचा पूल, काशीदचा किनारा, मुरूड आणि मग राजपुरी. इथून शिडाच्या होडीनं जंजिऱ्यात नेतात. आज वारा बरा होता. शीड भरलं आणि होडी एका बाजूला किंचित कलून निघाली. काठावरची घरं मागे सरकायला लागली. मुलांना आर्यभटाबद्दल सांगायला याहून चांगली जागा नव्हती. होडीत बसून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच पृथ्वीवरून पाहणाऱ्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्यानं ४९९ साली लिहून ठेवलं. फिरते ती पृथ्वी, हे सांगायला त्याला होडीच आठवली.

भाच्याच्या मनात वेगळंच होतं. त्यानं डोलकाठीला दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. “मी आतून ढकललं तर होडी आणखी जोरात जाईल का?” होडीवाले चाचा खूश झाले. म्हणाले, “लाव जोर, बघू!” होडीत काही फरक पडला नाही. भाचीनं कालच्यासारखे चौकोन मनातच काढले. हातांनी डोलकाठीला पुढे ढकललं, पण त्यासाठी पायांनी होडीच्या तळाला मागे रेटावं लागलं. होडीच्या चौकोनात दोन्ही आली, सारखी आणि विरुद्ध. इथे ती एकमेकांना खातात, कारण दोन्ही खरोखरच एकाच वस्तूवर आहेत, आणि ती एका जोडीतली नाहीत. बंद पडलेल्या गाडीत बसून डॅशबोर्ड ढकलल्यानं गाडी हलत नाही, त्याचंही कारण हेच. बाहेरचं कुणीतरी लागतं. शिडाच्या होडीला वारा, वल्ह्याच्या होडीला पाणी.

किल्ल्याजवळ चाचांनी शीड उतरवलं. होडी तरीही दरवाजाकडे जात राहिली, हळूहळू पाण्यानं तिचा वेग खाल्ला. मग वल्हं बाहेर आलं. वल्ह्याचं पान पाण्याला मागे लोटतं, पाणी वल्ह्याला पुढे. पान गेलं तिथे दोन छोटे भोवरे फिरत मागे राहिले; लोटलेल्या पाण्याचा तोच पुरावा.

जंजिऱ्याच्या पायऱ्यांशी उतरताना चाचा सगळ्यांना बजावत होते, “उडी नको. एकेक जण, पाय टाका.” उडी मारणारा होडीला मागे जोरात लाथाडतो. होडी मागे सरकते आणि पायरी गाठायला जे अंतर हवं होतं तेच हातचं जातं. भरलेली होडी जड, ती कमी सरकते. शेवटचा माणूस उतरताना होडी हलकी झालेली असते, म्हणून त्यानं सर्वांत जास्त सांभाळायचं. चाचांनी शेवटच्या माणसासाठी होडी दोरानं कडीला धरून ठेवली होती.

किल्ला पाहायला दिलेला वेळ पुरत नाही, हे इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरं आहे. आम्ही बहुतेक वेळ तोफांपाशी घालवला. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम. कलालबांगडीच्या तोंडापाशी उभं राहिलं की ती इथवर आणली कशी असेल, हाच विचार पहिल्यांदा मनात येतो. तोफ एवढी जड कशासाठी? जाड धातू नसेल तर ती फुटेल, हे एक कारण. दुसरं आमच्या विषयातलं. आतला वायू गोळ्याला पुढे आणि तोफेला मागे ढकलतो, सारख्याच बलानं, सारखाच वेळ. म्हणून दोघांना मिळणारा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखा असतो. हिशेबासाठी मनानंच आकडे घेतले : गोळा ५ किलोचा, वेग सेकंदाला ३०० मीटर, तोफ ३,००० किलोची. गोळ्याचा संवेग १,५००. तोफेलाही १,५००च, म्हणजे तिचा मागचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तोफ ३०० किलोची असती तर ती सेकंदाला ५ मीटरनं मागे आली असती, आणि मागे उभ्या गोलंदाजाचं काय झालं असतं ते सांगायला नको. हा भागाकार भाचीनं बुरुजावर बसून केला. वायव्येला पाण्यात पद्मदुर्ग दिसत होता.

सोमवार, सप्तमी : मांडवा, मुंबई, बोरघाट

सकाळी मांडव्याहून लाँच. गॅलिलिओनं १६३२ साली एक प्रयोग मांडला होता : जहाजाच्या खालच्या बंद खोलीत बसा, वरून टांगलेल्या भांड्यातून थेंब खाली पडू द्या. जहाज एकसारख्या वेगानं चाललं असेल तर थेंब बरोबर खालीच पडतील, जहाज नांगरलेलं असताना पडायचे तसेच. आमच्याकडे टांगायला भांडं नव्हतं, दोन रुपयांचं नाणं होतं. लाँचनं एकदा लय पकडल्यावर भाच्यानं ते सरळ वर उडवलं आणि त्याच हातात झेललं. नाणं हवेत असताना लाँच पुढे गेली, मग नाणं मागे का पडलं नाही? हातातून सुटताना त्याच्याकडे लाँचचा वेग होताच आणि तो काढून घेणारं कुणी नव्हतं.

गेटवेच्या धक्क्याला लागताना मी मुलांना कठड्यापाशी उभं केलं. लाँचला रस्त्यावरच्या गाडीसारखे ब्रेक नसतात. पंखा उलटा फिरवला, पाणी पुढच्या बाजूला फेसाळलं आणि वेग उतरला. तरी शेवटचा थोडा वेग उरतोच. तो जिरवायला मध्ये जुने टायर लटकवलेले असतात. आमची लाँच टायरला टेकली, टायर दबून जवळजवळ चपटा झाला, करकरला आणि मग परत फुगत गेला.

दुसरा नियम यापेक्षा नीट मला कुठे दिसला नाही. बल म्हणजे संवेग किती झपाट्यानं बदलतो ते. २० टनांची नाव सेकंदाला अर्धा मीटर वेगानं येते आहे असं धरू. संवेग १०,००० एकक. तो दगडावर आपटून ०.१ सेकंदात संपला तर सरासरी बल १ लाख न्यूटन. टायरनं तोच संवेग २ सेकंदांत संपवला तर ५,००० न्यूटन. संपवायचं तेवढंच, पण वेळ वीसपट, म्हणून बल वीसपट कमी. टायर, मोटारीतली एअरबॅग, हेल्मेटच्या आतला थर, उडी मारल्यावर वाकणारे गुडघे, सगळ्यांचं काम एकच : वेळ वाढवणं.

दुपारची पुण्याची गाडी धरली. ठाण्याच्या अलीकडे एक लोकल आमच्याबरोबरच सुटली आणि बघता बघता पुढे निघून गेली. लोकलला ओढणाऱ्या मोटरी अनेक डब्यांखाली वाटलेल्या असतात, आमच्या सगळ्या डब्यांना पुढचं एकच इंजिन. वस्तुमानाच्या मानानं बल जास्त, तर त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा झपाटा, जास्त.

कर्जतला वडापाव घेतला तोवर मागून एक धक्का आला. गाडी कसनुशी पुढे सरली आणि पुढे तोंड करून बसलेला भाचा पाठीला टेकला. मागे घाटाची इंजिनं लागली होती, ज्यांना बँकर म्हणतात. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आणि घाटातला तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून याच चढाशी झगडा आहे. गाडीचं वजन १,००० टन धरलं तर त्याचा सदतिसावा हिस्सा, सुमारे २७ टन, तिला सतत मागे खेचत असतो. वेग वाढवणं दूरच, नुसतं जागेवर टिकायलाही एवढं लागतं.

इंजिनं मागे का, सगळी पुढेच का नाहीत? भाचीनं चौकोन न काढता सांगितलं : सगळी पुढे लावली तर अख्ख्या गाडीची ओढ पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, येईल. मागून रेटा दिला की ती वाटली जाते. शिवाय कुठे कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उताराला लागण्याऐवजी बँकरवर टेकतील.

घाटात खाली येणाऱ्या मार्गाला जागोजागी एक फाटा फुटतो आणि तो डोंगरात वर चढून संपतो. तो कॅच सायडिंग. उतरणारी गाडी आधी थांबवायची, ती थांबली की मगच सांधा, म्हणजे मार्ग बदलणारे सरकते रूळ, मुख्य मार्गाला जोडायचा. एखादी ताब्यात राहिली नाही तर ती आपोआप त्या चढाला लागते. वर येताना आपल्याला मागे खेचणारं जे वजन, तेच तिथे तिला थांबवतं.

लोणावळ्याला मागची इंजिनं सुटली, गाडी सपाटीला लागली. चढाची ओढ नाही, म्हणून एकट्या इंजिनानंही वेग घेतला. तळेगाव गेलं, देहूरोड गेलं. पुणं जवळ येताना ब्रेक लागायला लागले तेव्हा भाचा एकदम म्हणाला, “मामा, थांब. ब्रेक तर गाडीतच आहेत. आतून ढकलून होडी हलली नाही, मग आतले ब्रेक गाडी थांबवतात कसे? मागे ढकललं कुणी?”

मी काही बोलणार तेवढ्यात भाचीनं त्याला खिडकीपाशी ओढलं आणि खाली बोट दाखवलं. “रुळांनी. ब्रेक चाकाला फिरू देत नाही, चाक रुळाला पुढे रेटतं, रूळ चाकाला मागे. म्हणूनच रूळ ओला असला की इंजिन चाकापुढे वाळू टाकतं.”

वाळूचं मी घाटात एकदाच सांगितलं होतं, तेही चढताना चाक घसरू नये म्हणून. थांबतानाही तीच लागते, हे तिनं स्वतः जोडलं.